फेरुलिक ॲसिड: कॅप्सूल मागवण्याआधी गिरणीत जाऊन या

लिपिड प्रोफाईलचा रिपोर्ट वाढून आला की घरात सल्ल्यांचा पाऊस पडतो. कुणी लसूण गिळायला सांगतं, कुणी दालचिनीचं पाणी. हल्ली त्यात फेरुलिक ॲसिडची भर पडलीय. वनस्पतींमधलं फिनॉलिक आम्ल, कोलेस्टेरॉल उतरवतं, साखर आटोक्यात ठेवतं, चेहरा तुकतुकीत करतं, असं बरंच काही त्याच्या नावावर खपतं आणि शेवटी एका महागड्या डबीची लिंक येते. आमच्या घरी हे सगळं होऊन गेलंय. डबी न मागवता आम्ही काय केलं आणि कोल्हापुरात राहून ते किती सोपं आहे, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमवार लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते. हे औषध नाही. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली असेल तर ती चालूच ठेवायची.

जवळ काय काय हवं

- ताजा लिपिड प्रोफाईल आणि साखरेचा रिपोर्ट, जुना असेल तर तोही
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक आणि 'नॅचरल' म्हणून घेतलेल्यांसकट
- हिमोग्लोबिनचा रिपोर्ट, विशेषतः घरातल्या बायकांचा
- दळणाचा स्वच्छ, कोरडा डबा
- दोन चाळणी: एक जाड, एक सपिटाची (दुसरी का, ते पुढे येईल)
- मोड आणायला सुती फडकं, आंबवायला झाकणाचं मातीचं किंवा स्टीलचं भांडं. तांब्या-पितळेचं नको, ताक आहे त्यात.

१. आधी रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी घेऊन बसा

आपल्याला नेमकं काय सुधारायचंय ते ठरवा. एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) वाढलंय, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) वाढलंय की साखर? तिन्हींचा आहार थोडा थोडा वेगळा असतो. ट्रायग्लिसराईड वाढलेल्या माणसाने नुसती भाकरी सुरू केली आणि गोड व दारू तशीच ठेवली, तर आकडा जागचा हलत नाही.

यादीत वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन यांपैकी काही असेल तर त्यापुढे खूण करून ठेवा. भाकरी-आंबिलीने काही बिघडत नाही, पण फेरुलिक ॲसिडची कॅप्सूल ही वेगळी गोष्ट. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटण्यावर या ॲसिडचा परिणाम होतो, असं प्रयोगांत दिसलंय. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या डबीला हात लावू नये.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर पुढचं सगळं आहारतज्ज्ञाला दाखवून मगच करा. कोंड्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस भरपूर असतं.

२. हे ॲसिड धान्यात बसलंय कुठं, ते एकदा नीट समजून घ्या

ही पायरी वाचायची आहे, करायची काही नाही. पण वगळू नका. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

फेरुलिक ॲसिड पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं १८६६ मध्ये, हिंगाच्या कुळातल्या झाडाच्या चिकातून. म्हणून फोडणीत हिंग वाढवू नका हं. चिमूटभर हिंगातून काय मिळणार? आपल्या ताटातला त्याचा मोठा साठा धान्याच्या सालीत असतो. गव्हातलं जवळजवळ ९८ टक्के फेरुलिक ॲसिड दाण्याच्या वरच्या सालीत आणि तिच्या लगतच्या थरात असतं. आतला पांढरा भाग, ज्याचा मैदा होतो, तो या बाबतीत कोरडाच.

सालीत ते मोकळं फिरत नाही. पेशीच्या भिंतीत तंतूंच्या लांब साखळ्या असतात, त्यांना एकमेकींशी सांधायचं काम ते करतं, विटांमधल्या सिमेंटसारखं. त्यामुळे साल टणक होते, किडीला आणि बुरशीला सहज फोडता येत नाही. गव्हाच्या कोंड्यातलं फारच थोडं सुटं असतं, बाकीचं बांधलेलं. हे बांधलेलं लहान आतड्यात फारसं शोषलं जात नाही. ते मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं आणि तिथले जिवाणू आपल्या विकरांनी (एन्झाईमांनी) ते सोडवतात.

आता आकडे. एक किलो अख्ख्या गव्हात साधारण ८०० ते २००० मिलिग्रॅम फेरुलिक ॲसिड असतं. म्हणजे १०० ग्रॅम न चाळलेल्या पिठात ८० ते २०० मिलिग्रॅम. तेच पीठ बारीक चाळलं, की आकडा धाडकन खाली येतो. म्हणून या लेखात करायच्या गोष्टी दोनच: साल टाकायची नाही, आणि ती पोटात जायच्या आधी जमेल तेवढी सैल करायची.

३. धान्य निवडा

कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांच्या ओळीत शिरलात की सगळं एका फेरीत मिळतं. मी कशाला किती पसंती देते ते सांगते.

*शाळू.* रोजच्या भाकरीला हाच. टपोरा, पिवळसर पांढरा, हातात घेतल्यावर जड लागणारा. ज्वारीचा फायदा हा, की आपल्याकडे ती सोलून किंवा पॉलिश करून खात नाहीत, अख्खा दाणा दळतात. जुंधळ्याच्या भाकरीवर वाढलेल्या पिढीने कोंडा वेगळा कधी खाल्लाच नाही, तो भाकरीतच होता.

*नाचणी.* गगनबावडा, आजरा, चंदगड, भुदरगड या बाजूची तांबूस नाचणी घ्या. दिसायला छान म्हणून पांढरी नाचणी घेऊ नका, फिनॉलिक द्रव्यं तांबड्या सालीच्या वाणात जास्त असतात. चाळून, निवडून, तीन-चार पाण्यांतून रोळून घ्या. खडे फार असतात.

*गहू.* रोजची चपाती लागतेच, तर कोणताही चांगला गहू चालेल. खपली आवडत असेल तर खीर आणि चपाती दोन्हीला उत्तम, पण या एका ॲसिडसाठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही. साध्या गव्हाचं न चाळलेलं पीठ चाळलेल्या खपलीपेक्षा सरस.

*तांदूळ.* हातसडीचा किंवा कमी पॉलिशचा. आजऱ्याचा घनसाळ सुद्धा न पॉलिश केलेला मिळतो, विचारायला लागतं. त्याला कीड लवकर लागते, थोडाच आणा.

*मका.* मक्याच्या कोंड्यात फेरुलिक ॲसिड गव्हाच्या कोंड्याच्या कितीतरी पट असतं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात स्वीट कॉर्न ११५ अंशांवर २५ मिनिटं तापवून पाहिलं, तेव्हा सुटं फेरुलिक ॲसिड सुमारे साडेपाच पटींनी वाढलेलं आढळलं, आणि त्याच वेळी क जीवनसत्त्व एक चतुर्थांश घटलं. रंकाळ्यावरच्या भाजक्या कणसाला हे आकडे जसेच्या तसे लावू नका, तिथली आच आणि वेळ वेगळी. पण पावसाळ्यात लिंबू-मीठ चोळलेलं कणीस दाताने सालीसकट ओढून खायला हरकत कसली?

४. गिरणीत चाळणीवर लक्ष ठेवा

माझ्या मते सगळा खेळ इथंच जिंकला किंवा हरला जातो.

गव्हाचं दळण टाकताना आपल्याकडे सवयीने "बारीक दळा" असं सांगतात. बारीक दळायला काहीच हरकत नाही, बारीक दळल्याने साल कुठं जात नाही. साल जाते ती चाळताना. काही गिरण्यांत पीठ चाळून देतात आणि कोंडा तिथंच राहतो. तो विकत न्यायला गोठेवाले येतात, म्हणजे आपल्या गव्हातला ऐवज म्हशीच्या पोटात. म्हशीचं दूध परत आपल्याकडेच येतं म्हणा, पण त्या दुधातून फेरुलिक ॲसिडचा हिशोब लागायचा नाही.

गिरणीत सांगायचं ते एवढंच: "मामा, चाळण लावू नका, कोंडा पिठातच राहू दे." डबा परत घेताना पीठ चिमटीत घेऊन बघा. अंगठा आणि बोटामध्ये रगडल्यावर तांबूस कण दिसले पाहिजेत, हाताला किंचित खरखरीत लागलं पाहिजे. मैद्यासारखं गुळगुळीत आणि पांढरंधोप लागलं तर चाळण लागलेली आहे, किंवा आधीच्या कुणाच्या सपिटाच्या दळणाचं पीठ सुरुवातीला आपल्या डब्यात आलंय. सकाळी गर्दीच्या वेळी हे हमखास होतं.

घरी आल्यावर दुसरा धोका. पीठ मळायच्या आधी चाळायची सवय हातात बसलेली असते. पीठ चाळा, त्यात जाळी-किडे असतील ते दिसतात. पण जाड चाळणीने चाळा आणि चाळणीत उरलेला कोंडा परत परातीत टाका. सपिटाची चाळण पुरणपोळीच्या दिवसापुरती. सणाला सपीट वापरावंच, होळीला कोंड्याची पुरणपोळी करून घरात भांडण लावायला कुणी सांगितलंय?

न चाळलेल्या पिठाच्या चपात्या पहिल्यांदा चिवट होतात. पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त घाला आणि कणीक निदान अर्धा तास झाकून ठेवा. कोंड्याला पाणी प्यायला वेळ लागतो, तो मिळाला की चपाती मऊ येते.

पीठ एका वेळी किती आणायचं? जेमतेम पंधरा दिवसांचं. सालीबरोबर दाण्यातलं तेलही पिठात येतं आणि ते खवट होतं. ज्वारीच्या जुन्या पिठाची तर विरी जाते, भाकरी थापताना कडेने चिरते आणि तव्यावर टाकेपर्यंत तुटते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की पिठाला जाळी धरायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात आठवड्याचंच दळून आणा, धान्य मात्र उन्हाळ्यात कडकडीत वाळवून ठेवा.

तयार आटा घेत असाल तर पुडीच्या पुढच्या बाजूवरची चित्रं बघू नका, मागची घटकांची यादी वाचा. अख्ख्या गव्हाचं पीठ पहिलं आणि एकटं असायला हवं. 'ब्राऊन ब्रेड'चं तर विचारूच नका. बऱ्याचदा पहिला घटक मैदा असतो आणि तपकिरी रंग कॅरॅमलचा.

५. बांधलेलं सैल करा: आंबील आणि मोड

आंबवताना जिवाणूंची आणि मोड आणताना दाण्याची स्वतःची विकरं कामाला लागतात, सालीतले सांधे सैल होतात. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २००२ मध्ये नाचणीवर हे दाखवून दिलं: मोड आणल्यावर बांधलेली फिनॉलिक आम्लं कमी झाली आणि सुटं फेरुलिक ॲसिड वाढलं. शिवाय दाण्यातलं फायटेट, म्हणजे लोह-जस्त धरून ठेवणारं द्रव्य, घटतं, म्हणजे लोह आणि जस्त शोषायला मदत होते. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा मोलाची वाटते.

आंबील कोल्हापूरकरांना शिकवायला नको. ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेला घरोघरून घागरी-डबे भरून जातात. पण ती वर्षातून एकदाच करायची असं कुठं लिहिलंय? चार जणांसाठी रोजची रीत अशी:

रात्री चार मोठे चमचे नाचणीचं किंवा ज्वारीचं पीठ एक वाटी आंबट ताकात गुठळ्या मोडून कालवायचं. झाकून ओट्यावरच ठेवायचं, फ्रीजमध्ये नाही. उन्हाळ्यात सात-आठ तासांत वर बारीक बुडबुडे येतात आणि आंबूस वास सुटतो. थंडीत भांडं टॉवेलात गुंडाळून ठेवा, नाहीतर सकाळी जसंच्या तसं सापडेल. सकाळी तीन वाट्या पाणी उकळायला ठेवायचं, आंबलेलं पीठ ढवळत ढवळत त्यात सोडायचं. पळी थांबवायची नाही, नाहीतर तळाला धरतं आणि करपट वास सगळ्या आंबिलीला लागतो. रंग गडद होऊन चकाकी आली, पळीवरून धार जाडसर पडायला लागली, की झाली. पूर्ण गार झाल्यावरच ताक, मीठ, ठेचलेला लसूण आणि जिऱ्याची पूड घालायची. गरम आंबिलीत ताक घातलं तर फाटतं.

वर बुडबुड्यांऐवजी रंगीत बुरशी दिसली किंवा आंबूस वासाऐवजी कुजका आला, तर सगळं ओतून टाका. वरचा थर काढून खालचं वापरायचं नाही.

मोडाच्या नाचणीचं सत्त्व म्हणजे नाचणी रात्रभर भिजवायची, निथळून सुती फडक्यात बांधायची, एक-दोन दिवसांत मोड येतात. फडकं सुकू द्यायचं नाही. मग सावलीत खडखडीत वाळवून, मंद आचेवर भाजून दळायची. लहान मुलांसाठी बायका हे पीठ वस्त्रगाळ करतात, ते त्यांच्यासाठी ठीक. आपल्यासाठी दळताना गाळायचं नाही, नाहीतर केलेली मेहनत फडक्यावर राहते.

६. दमाने घ्या, आणि चहा लांब ठेवा

पहिल्याच आठवड्यात तिन्ही वेळा भाकरी-आंबील सुरू केलीत तर पोट फुगेल, गॅस होईल आणि घरचे म्हणतील, "बघा, सांगत होतो." दुपारच्या जेवणापासून सुरुवात करा. पोट बसलं की रात्रीचं बदला. पाणी वाढवा, कोंड्याबरोबर पाणी कमी पडलं तर बद्धकोष्ठ होतं.

दुसरी गोष्ट लोहाची. सालीतलं फायटेट आणि काही फिनॉलिक द्रव्यं लोहाला धरून ठेवतात, आणि जेवणाबरोबरचा चहा ते आणखी वाढवतो. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईने भाकरी सोडू नये, जेवणानंतरचा चहा तासाभराने घ्यावा आणि पानात लिंबाची फोड ठेवावी. लोहाची गोळी चालू असेल तर ती आंबिलीबरोबर किंवा चहाबरोबर घ्यायची नाही, तिची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा.

मधुमेह असेल तर भाकरी मोजूनच. कोंडा आहे म्हणून पिष्ट नाहीसं होत नाही. तांबड्या रश्शाबरोबर चार भाकऱ्या आणि वर भात, हे शाळूच्या नावाखाली खपवता येत नाही.

७. इथं हमखास फसायला होतं

*गूळ.* "गुळात फिनॉलिक असतात" हे वाक्य कोल्हापुरात फार गोड लागतं. असतात थोडी, पण गूळ म्हणजे प्रामुख्याने साखरच. उसातलं फेरुलिक ॲसिड रसात नसून तंतूंच्या भिंतीत असतं, म्हणजे चिपाडात. आणि चिपाड कुठं जातं? गुऱ्हाळावर वाळवून काहिलीखालच्या चुलवाणात. ज्याच्या जिवावर गुळाची जाहिरात करायची, ते धुराड्यातून वर गेलेलं असतं.

*राईस ब्रान तेल.* यातलं ओरायझॅनॉल हे फेरुलिक ॲसिडचंच एक रूप, तेव्हा हा दावा निराधार नाही. पण शुद्ध करताना क्षार वापरले तर ओरायझॅनॉलचा बराच भाग साबणाबरोबर निघून जातो. 'फिजिकली रिफाईन्ड' असं लिहिलेलं घ्या. तेल आहे हे विसरू नका, जास्त ओतल्याने फायदा वाढत नाही.

*चेहऱ्याचं सीरम.* त्याचा पोटाशी संबंध नाही. क आणि ई जीवनसत्त्वाच्या द्रावणात ०.५ टक्के फेरुलिक ॲसिड मिसळलं तर ते द्रावण टिकतं आणि उन्हापासूनचं त्याचं संरक्षण जवळपास दुप्पट होतं, असं २००५ मध्ये दिसून आलं. भाकरी खाऊन हा परिणाम मिळत नाही आणि सीरम लावून कोलेस्टेरॉल उतरत नाही.

*कॅप्सूल.* इथं जरा थांबू. थायलंडमध्ये झालेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातली चरबी वाढलेले ४८ लोक, निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम फेरुलिक ॲसिड, निम्म्यांना नुसती दिसायला तशी गोळी, सहा आठवडे. खऱ्या गोळीवाल्यांचं एलडीएल ९.३ टक्क्यांनी आणि ट्रायग्लिसराईड १२.१ टक्क्यांनी उतरलं. आशादायक आहे, नाही कशाला म्हणू? पण माणसं ४८ आणि मुदत दीड महिना. सहा आठवड्यांवरून हृदयविकाराचा झटका टळतो की नाही, हे कळत नाही. स्मरणशक्ती, कर्करोग, यकृत वगैरे जे दावे डबीवर असतात, ते बहुतेक उंदरांवरच्या आणि काचेच्या बशीतल्या पेशींवरच्या प्रयोगांतून आलेले. डबी विकणारा ते बारीक अक्षरांत सुद्धा लिहीत नाही.

उलट अख्ख्या धान्याचा पुरावा बघा. २०१६ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात रोज ९० ग्रॅम अख्खं धान्यान्न जास्त खाणाऱ्यांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका १९ टक्क्यांनी कमी दिसला. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत, आणि श्रेय एकट्या फेरुलिक ॲसिडचं नाही. तंतू, मॅग्नेशियम, बाकीची द्रव्यं, सगळ्यांचं मिळून आहे. पण कॅप्सूलमध्ये एकटं ॲसिड येतं आणि भाकरीत सगळी मंडळी येतात, तेही गिरणीच्या दळणावळीत.

८. पुन्हा तपासणी

तीन महिने नीट पाळल्यावर लिपिड प्रोफाईल परत करा. शक्यतो त्याच लॅबमध्ये, तेवढ्याच तासांच्या उपाशीपोटी. आदल्या रात्री रस्सा मंडळाचं जेवण असेल तर तपासणी दोन-चार दिवस पुढे ढकला, ट्रायग्लिसराईड उगाच वर दिसेल. जुना आणि नवा रिपोर्ट, गोळ्यांची यादी आणि आहारात काय बदललं याची चार ओळींची नोंद डॉक्टरांसमोर ठेवा. गोळीचा डोस कमी करायचा का, हे त्यांनी ठरवायचं.

एलडीएल थोडंसं उतरलं तर दळण तसंच चालू ठेवा. तिळभरही हललं नाही तर खचू नका, काहींचं कोलेस्टेरॉल घराण्यातूनच आलेलं असतं आणि तिथं आहाराचा हात तोकडा पडतो. आई-वडिलांपैकी किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला कमी वयात झटका आला असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा आणि मुलांचीही तपासणी करायची का ते विचारा.